बंदूक नसलेला शिकारी आणि त्याचं घर

हौसेसाठी बंदूक घेऊन रानात जाणारा नागपूरकर 1972च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानं इतिहासजमा केला. पहाटे चारचा गजर लावणारा नागपूरकर मात्र त्या कायद्याला पुरून उरला. त्याच्या खांद्यावर आता दुर्बीण किंवा हातभर लांबीची लेन्स असते, अंगात मातकट रंगाचा सदरा असतो आणि रविवार उजाडायच्या आत तो वर्धा रोड, उमरेड रोड किंवा जबलपूर रोडला लागलेला असतो. पेंच, बोर, ताडोबा, नवेगाव-नागझिरा, उमरेड-कऱ्हांडला ही सगळी रानं गाडीनं काही तासांच्या आत असलेल्या शहरात हे वेड न लागलं तरच नवल. पंचविशीत ते कुणालाही लागतं. चाळिशीत, म्हणजे नोकरी, गृहकर्ज, मुलांच्या परीक्षा आणि आईबाबांची औषधं सांभाळून, ते टिकतं का, हा खरा प्रश्न आहे.

बहुतेकांचं टिकत नाही. काहींचा कॅमेरा कपाटात जातो आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, बाहेर येतो. काहींचा कॅमेरा सुटत नाही, पण घरातला संवाद सुटतो. ही दोन टोकं दिसायला वेगळी असली तरी दुखणं एकच आहे. जंगलाला जायचं म्हणजे वाघ बघायला जायचं आणि वाघ दिसला नाही तर पैसे आणि रविवार दोन्ही पाण्यात गेले, हा हिशेब डोक्यात पक्का बसलेला असतो. जुन्या शिकाऱ्याला भिंतीवर लावायला मुंडकं हवं असायचं. नव्याला स्टेटसवर लावायला फोटो हवा असतो.

या हौसेचा नमुना नागपूरकरांनी जवळून पाहिला आहे. ‘जय’ नावाचा दांडगा वाघ 2013मध्ये नागझिऱ्याहून चालत उमरेड-कऱ्हांडल्याला आला आणि त्याच्या मागोमाग पर्यटकांची रीघ लागली. एप्रिल 2016नंतर तो दिसेनासा झाला, तसे त्याच्यासाठी जाणारे पुष्कळ लोकही दिसेनासे झाले. त्याच अभयारण्यात 31 डिसेंबर 2024 रोजी गोठणगाव भागात ‘एफ-2’ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्सींच्या गराड्यात सापडले. पुढेही गाड्या, मागेही गाड्या. चित्रफीत पसरल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांमध्ये दुष्ट माणसं बसली होती असं नाही. वर्षाची शेवटची सफारी, घरून मिनतवाऱ्यांनी मिळवलेला दिवस, मोजलेले पैसे आणि ‘आज दिसलाच पाहिजे’ हा हट्ट एवढ्यावर असे प्रकार घडतात.

म्हणून पहिला सल्ला थोडा उलटा आहे. ज्याला हे वेड आयुष्यभर टिकवायचं आहे, त्यानं वाघाच्या मागे लागणं कमी करावं. सफारी वर्षाकाठी एक किंवा दोन, त्याही आधी ठरवून. उरलेलं वर्ष घरापासून अर्ध्या तासाच्या आत.

त्याआधी कायद्याची एक गोष्ट सांगायला हवी, कारण चांगले चांगले छायाचित्रकार तिथे ठेचकाळतात. वन्यजीव (संरक्षण) कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत केवळ मारणं येत नाही. पकडणं, सापळा लावणं, हाकारे घालून पिटाळणं आणि तसा प्रयत्न करणं हेही त्यात येतं, इतकंच काय, पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंसुद्धा येतं. फांदी वाकवून, पानं छाटून घरट्यातल्या पिल्लांचा ‘क्लिअर’ फोटो काढणारा गृहस्थ कायद्याच्या भाषेत शिकारीच ठरू शकतो. 2022च्या दुरुस्तीनंतर दंडही वाढला. सर्वसाधारण गुन्ह्याला 1 लाख रुपयांपर्यंत दंड आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत किमान 25 हजार रुपये दंड आणि किमान तीन वर्षांची कैद आहे. ढाब्यावर कुणी दबक्या आवाजात तित्तिर किंवा ससा आहे म्हणून सांगितलं, तर खाणाऱ्यानं आपणही गुन्ह्यात भागीदार आहोत हे ओळखून उठावं. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरांबाबत कलम 11 खाली परवानगीची वाट आहे, पण ती शेतकऱ्याच्या अडचणीसाठी आहे. शहरातल्या हौशी नेमबाजाच्या रविवारसाठी नाही.

शिकार आणि संसार यांचं भांडण नेहमीच होतं असंही नाही. विदर्भातल्या फासेपारध्यांची पारध म्हणजे अख्ख्या घराचा व्यवहार होता. तांडा हलला की बायकामुलं, गुरं, फासे सगळं बरोबर हलायचं. केसांच्या आणि दोऱ्यांच्या फाशांनी तित्तिर-लाव्हे धरायचे, नर तित्तिराची साद हुबेहूब काढायची, शिकवलेल्या गाईच्या आडोशानं सावजाजवळ सरकायचं, हे पोर चालायला लागल्यापासून बघत शिकायचं. बाप शिकारीला आणि आई घरी, अशी फाळणी त्यात नव्हती. या जीवनाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं या समाजांवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला, 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनावरून अजून पुसला गेलेला नाही, आणि 1972च्या कायद्यानं हातातली कलाही बेकायदा ठरली. तरी ती कला वाया गेली नाही. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांबरोबर गवताळ माळरानं आणि तिथला दुर्मीळ तणमोर पक्षी राखण्याचं काम करते. मध्य प्रदेशात पन्ना व्याघ्र प्रकल्पाशेजारी पारधी तरुण पर्यटकांना पायी फिरवतात आणि माती वाचायला शिकवतात. वाटेवर कोण गेलं, केव्हा गेलं, घाईत होतं की निवांत, हे त्यांना सांगता येतं.

यातून शहरी कुटुंबवत्सल माणसानं उचलण्यासारखं हेच आहे. शिकाऱ्याकडून घ्यायची ती त्याची नजर आणि त्याचा धीर. आणि घर मागे ठेवून जाण्याऐवजी घरातलं कुणीतरी, कधीकधी, बरोबर असणं.

सर्वांत नावाजलेला शिकारी जिम कॉर्बेट अविवाहित होता, ही बाब त्याचे चाहते सोयीस्करपणे विसरतात. त्याच्यामागे बहीण मॅगी घर सांभाळायची. नरभक्षकामागे आठवडेच्या आठवडे हिंडणाऱ्या माणसाचं वेळापत्रक दोन मुलांच्या बापानं डोळ्यापुढे ठेवू नये. ठेवायचंच तर सालिम अलींचं ठेवावं.

तेही सुरुवातीला शिकारीच. लहानपणी एअरगननं पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीचं नाव विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून पुढचं आयुष्य ठरलं, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरचा एक प्रसंग मात्र संसारी माणसाच्या अधिक कामाचा आहे. जर्मनीत एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे पक्षिशास्त्राचे धडे घेऊन 1930मध्ये ते परतले, तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली होती. हाताला काम नाही, मुंबईतलं राहणं महाग. पत्नी तेहमिना यांच्या माहेरचं अलिबागजवळ किहीमला समुद्रकाठी घर होतं. दोघं तिथे जाऊन राहिली.

मोहीम नाही, तंबू नाही, हिमालय नाही. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सालिम अलींनी शिडीवर आडोसा बांधला आणि रोज तिथे बसायला सुरुवात केली. महिनोन् महिने एकच वसाहत पाहिल्यावर कळलं की घरटं विणतो तो नर. अर्धवट विणलेलं घरटं माद्या तपासून बघतात, पसंत पडलं तर एखादी त्यात मुक्काम करते, मग नर ते पुरं करतो आणि दुसरं घरटं विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट बघतो. बहिणाबाईंच्या कवितेमुळे मराठी घरात खोप्याचं सगळं श्रेय सुगरणीला जातं, ते बिचाऱ्या नराला या निरीक्षणानं मिळालं, आणि त्याच्या वागण्याबद्दलचे प्रश्नही त्याच्या वाट्याला आले. या अभ्यासानं सालिम अलींचं नाव झालं. पुढच्या पक्षी-सर्वेक्षणांमध्ये तेहमिना स्वतः बरोबर असत आणि मुक्कामाची व्यवस्था बघत. 1939मध्ये त्या गेल्या.

सांगायचा मुद्दा असा की एका नामवंत पक्षितज्ज्ञाचं पायाभूत काम बेकारीच्या दिवसांत, घराच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर झालं. नागपूरच्या माणसाला याहून चांगली सोय आहे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा हे तलाव शहराच्या कडेलाच आहेत. सेमिनरी हिल्सचा झाडोरा आहे, महाराजबाग आणि तिला लागून कृषी विद्यापीठाची शेतं आहेत, सिव्हिल लाइन्समध्ये इंग्रजांच्या काळापासूनची झाडं आहेत. यांपैकी एकच जागा निवडावी. एकच. वर्षभर आठवड्यातून एकदा, तासभर, तिथेच जावं. जिथे प्रवेशाला परवानगी लागते तिथे ती आधी घ्यावी, आणि तलावाच्या मागच्या निर्मनुष्य बाजूला एकट्यानं जाऊ नये.

तासभराचं गणितही सूर्य ठरवतो. नागपुरात जूनमध्ये साडेपाचच्या सुमारास उजाडतं, डिसेंबर-जानेवारीत पावणेसातच्या पुढे. उन्हाळ्यात साडेपाच ते साडेसहा अशी फेरी मारून घरी आलं, तर मुलं उठायच्या आत चहा टाकून होतो. हिवाळ्यात ही चलाखी चालत नाही, कारण तीच वेळ शाळेच्या डब्यांची असते. तेव्हा फेरी रविवारी न्यावी आणि परतताना तर्री-पोहे बांधून आणावेत. ही लाच आहे, हे घरच्यांनाही कळतं, पण नागपुरात ती सहसा नाकारली जात नाही.

एकाच जागी वर्षभर जाण्यात कंटाळा येईल, ही भीती पहिले दोन महिनेच असते. नंतर ती जागा दर पंधरवड्याला बदलताना दिसू लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाहुणे पक्षी उतरायला लागतात. डिसेंबर-जानेवारीत तलावांवर थापट्या, तलवार बदक, चक्रवाक शोधावेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटला की भोरड्यांचे थवे त्यावर तुटून पडतात. या पक्ष्याला पळसमैना हे नाव उगाच पडलेलं नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की सकाळी आठनंतर घराबाहेर निरीक्षण करणं हा मूर्खपणा आहे, पण पहाटे पिण्याच्या पाण्यापाशी जी वर्दळ असते ती इतर महिन्यांत नसते. जूनमध्ये पावसाबरोबर चातक येतो, झुडपी जंगलात नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे पहिला चातक शोधायला मुलं हाताशी मोकळी असतात. हा योगायोग वाया घालवू नये.

आणि मार्च ते जून राखी धनेश. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या झाडांवर हा लांब, बाकदार चोचीचा पक्षी नागपूरकरांच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. वास्तविक त्याचा संसार जगावेगळा आहे. मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते, ढोलीचं तोंड आतून विष्ठेनं लिंपून बंद करते, फक्त चोच बाहेर काढण्यापुरती फट ठेवते. आत तिची पिसं झडतात, अंडी उबतात, पिल्लं निघतात. कित्येक आठवडे नर वड-पिंपळाची फळं आणि किडे आणून त्या फटीतून भरवत राहतो. त्याच्या फेऱ्या एका सकाळी मोजाव्यात. रस्त्याच्या पलीकडून, दुर्बिणीनं, झाडाखाली घोळका न करता आणि त्या झाडाचा पत्ता कुठल्याही ग्रुपवर न टाकता. ‘येतो अर्ध्या तासात’ म्हणून दुपारी उगवणाऱ्या निसर्गप्रेमी नवऱ्यांनी हे काम जरूर करावं.

उत्साह टिकवण्याचा दुसरा उपाय म्हणजे नोंद. रिकाम्या हातानं परतलेला दिवस माणसाला खचवतो. वहीत चार ओळी लिहिलेला दिवस रिकामा राहत नाही. तारीख, वेळ, जागा, हवा, काय दिसलं, किती दिसले, काय दिसलं नाही. ‘दिसलं नाही’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण बहुतेक हौशी लोक तोच गाळतात.

नोंद खरी असावी याला महाराष्ट्रातच एक मोठं उदाहरण घडलेलं आहे. वनपिंगळा हे छोटं घुबड 1884नंतर कुणाला खात्रीनं सापडलं नव्हतं. ब्रिटिश कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन यानं 1914 साली गुजरातेत एक नमुना मिळवल्याचा दावा केला होता, आणि शोधणारे त्या भागात व्यर्थ फिरत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधक स्त्रीनं संग्रहालयातले नमुने तपासले, तेव्हा कर्नलसाहेबांनी दुसऱ्याचा जुना नमुना चोरून, नव्यानं भरून त्याला खोटी चिठ्ठी लावल्याचं उघडकीला आलं. ती खोटी नोंद बाजूला काढून फक्त जुन्या खऱ्या ठिकाणांवर रासमुसेन आणि त्यांचे सहकारी गेले, आणि नोव्हेंबर 1997मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात भरदिवसा वनपिंगळा समोर बसलेला दिसला. 113 वर्षांनी. पुढे आपल्या मेळघाटातही तो चांगल्या संख्येनं सापडला. एका माणसाच्या बढाईनं कित्येकांचे हंगाम वाया गेले. ग्रुपवर ‘मला आज अमुक दिसला’ असं ठोकून देण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

वहीतली नोंद ‘ईबर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर चढवली की ती संशोधकांच्या कामी येते. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये किमान पंधरा मिनिटांची नोंद पुरते आणि ती गच्चीवरून, बाल्कनीतूनही चालते. भारतात ही गणना 2013पासून होते. महाराष्ट्रात त्याच्या जोडीला पक्षी सप्ताह आहे. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकारनं 2020पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळायला घेतला. वनखात्यात हयात घालवलेले आणि दीर्घकाळ नागपूरकर असलेले चितमपल्ली 2025च्या जूनमध्ये गेले. त्यांच्या लेखनात नवेगावबांधचे माधवराव पाटील भेटतात, गोंड-कोळी-पारधी वाटाडे भेटतात. जंगल कळायला माणसं लागतात, हे त्यांच्या पुस्तकांइतकं स्वच्छ फार थोड्या ठिकाणी दिसतं. हा आठवडा बहुधा दिवाळीच्या आगेमागे येतो. तेव्हा फराळाच्या पाहुण्यांना गच्चीवर नेऊन पंधरा मिनिटं पक्षी मोजायला लावण्यात काही गैर नाही.

आता घरातल्या तहाबद्दल, कारण खरी लढाई तिथे होते.

वर्षाच्या सुरुवातीला, शाळेचं वेळापत्रक हाती आलं की कॅलेंडर टेबलावर ठेवून दोघांनी बसावं. जंगलाच्या तारखा आधी लिहू नयेत. आधी लिहायच्या त्या बंद तारखा. मुलांच्या परीक्षा, सासर-माहेरची लग्नं, पोळा आणि तान्हा पोळा, महालक्ष्म्यांचे तीन दिवस. ज्या घरात महालक्ष्म्या बसतात आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य होतो, तिथे त्या दिवसांत जंगलाचं नावही काढू नये, हे वैदर्भीय वाचकाला वेगळं सांगायला नको. मग उरलेल्या जागेत दोन मोठ्या फेऱ्या बसवाव्यात. ताडोबाचा गाभा मंगळवारी बंद असतो आणि 1 जुलै ते 30 सप्टेंबर पावसाळ्यासाठी बंद राहतो, त्यामुळे ते तीन महिने आपोआप घराला मिळतात. बफरमध्ये सफारी चालू असते हे त्या बैठकीत सांगायलाच हवं असं नाही.

एकाला सुटी मिळाली की दुसऱ्यालाही तेवढीच मिळाली पाहिजे. नवरा सकाळी चार तास बाहेर असेल, तर त्याच आठवड्यात बायकोचे चार तास बिनशर्त तिचे. ती पुस्तक वाचेल, झोपेल, मैत्रिणीकडे जाईल, हिशेब विचारायचा नाही. आणि हे वेड फक्त पुरुषांना लागतं हे गृहीत धरणंही चूकच. ताडोबा-पेंचमध्ये बाया गाइड म्हणून काम करतात, नागपुरात दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. त्यांची अडचण वेगळी असते. पुरुष निघतो तेव्हा घर चालू राहतं. स्त्री निघते तेव्हा आदल्या रात्री कणिक मळून, भाजी चिरून ठेवावी लागते. तिची पहाटेची फेरी टिकवायची असेल तर तिला ‘जा ना, मी कुठे अडवतो’ म्हणणं पुरत नाही. डबा भरायला दुसऱ्यानं उठावं लागतं.

पैशांची गोष्टही तिथेच मिटवावी. सुरुवातीला 8 बाय 42ची बरी दुर्बीण पुरते, आणि ती वीस वर्षं चालते. मोठ्या लेन्सचा मोह पहिल्या वर्षी टाळावा. वर्षभर वही लिहून जो टिकला त्यानं पुढचा विचार करावा, तोही घरात किंमत सांगून. लेन्सची किंमत निम्मी करून सांगण्याची प्रथा छायाचित्रकारांत सार्वत्रिक आहे, आणि ती एक दिवस बिलासकट उघडी पडते. सफारीची जिप्सी सहा जणांत वाटून घेतली की खर्च आवाक्यात येतो.

परतीची वेळ सांगितली की ती पाळायची. ताडोब्यात पर्यटकांना मोबाइल नेता येत नाही, बाकी जंगलांत बऱ्याचदा रेंज नसते. घरच्यांना कुठल्या गेटनं जातो आहे, बरोबर कोण आहे, किती वाजता शहरात येणार, हे कागदावर लिहून द्यावं आणि दोन तास जास्तीचे धरूनच सांगावं. व्याघ्रक्षेत्रात पायी फिरण्याचं धाडस तर कुणीही करू नये. नोव्हेंबर 2021मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या प्रशिक्षित होत्या, कर्तव्यावर होत्या, बरोबर साथीदारही होते.

बाळ लहान असतं तेव्हाची दोन-तीन वर्षं या छंदाची परीक्षा बघतात. त्या काळात बाहेर जाण्याचा आग्रह सोडून खिडकी धरावी. बाल्कनीतल्या तारेला शिंजीर लोंबतं घरटं बांधतो, समोरच्या कडुनिंबावर तांबट टुकटुकतो, तिन्हीसांजेला पिंगळे भांडतात, एखाद्या दुपारी शिक्रा कबुतरांची पळापळ करून जातो. रात्री बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणाऱ्या आईबापांच्या कानांना जेवढी घुबडं कळतात तेवढी कुणाला कळत नाहीत. तीही नोंद लिहावी.

मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत चार तासांच्या उघड्या जिप्सीत नेऊ नये. धूळ, थंडी, ‘गप्प बस’ची टोचणी, आणि शेवटी वाघ नाही. अशा एका सकाळीत जंगल कायमचं नावडतं होतं. त्याऐवजी तलावाकाठचा तास, आणि त्यात त्याला काम द्यावं. पाणकावळे त्यानं मोजायचे, आईनं बगळे, बाबांनी उरलेले. ओल्या काठावरचे ठसे कुणाचे यावर पैज लावावी. बहुतेक कुत्र्याचे निघतात. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजरकुळाच्या ठशात सहसा नाही, एवढं कळलं तरी पहिला धडा झाला. थोडं मोठं झालं की एक मुक्काम पेंचच्या सिल्लारी भागात करावा. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. अमावास्येच्या आसपास, हिवाळ्यात, तिथलं आकाश नागपूरच्या गच्चीवरून दिसतं ते नव्हेच. वाघ नाही दिसला तरी मृग नक्षत्र दिसतंच, आणि त्याच्या मागे लागलेला व्याध हा शिकारीच आहे.

पावसाळ्यात, गाभा बंद असताना, शहराबाहेरच्या शेतांत सुगरणींच्या वसाहती शोधायला जावं. जुलै ते सप्टेंबर हा त्यांचा हंगाम. शिंदी, बाभूळ किंवा विहिरीवर झुकलेली फांदी या त्यांच्या आवडत्या जागा. शेतमालकाला आधी विचारावं, बांधावरूनच बघावं, दुर्बीण मुलाच्या हातात द्यावी. कुठलं घरटं अर्धवट आहे, कुठल्याला खाली नळी आली आहे, पिवळ्या डोक्याचा नर कुठल्यावर काम करतो आहे, हे त्याला कागदावर काढायला सांगावं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच बांधावर न्यावं. पायात बंद बूट असावेत, गवतात काठी आपटत चालावं. विदर्भातल्या बऱ्याच जुन्या शेतविहिरींना कठडा नसतो, त्यामुळे घरटी कितीही खाली आलेली असोत, विहिरीपासून दहा पावलं लांबच उभं राहायचं.